पलीकडच्या काठावर

मी हिंगोलीची. जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी आणि इतिहास शिकवत नोकरी झाली. आधी कळमनुरी तालुक्यात, मग सेनगावकडे, शेवटची वर्षं हिंगोलीत. मुलगा टोरांटोला असतो. तो समलिंगी आहे हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे, आणि गल्ली त्याबद्दल माझ्यासमोर बोलत नाही. कॅनडात तेव्हा एक सोय होती. पाच जणांनी एकत्र येऊन एखाद्या निर्वासिताला बोलावून घ्यायचं आणि वर्षभर त्याचा खर्च, त्याची घडी बसवणं, सगळं अंगावर घ्यायचं. माझ्या मुलाने, त्याच्या जोडीदाराने आणि त्यांच्या तीन मित्रांनी असा सीरियातून पळालेला एक तरुण आणला. त्या हिवाळ्यात मी तिकडेच होते.

तेव्हापासून लोक विचारतात, "मॅडम, तिकडं असल्या पोरांना गच्चीवरून ढकलून मारतात म्हणे. आपण काय करावं?" विचारणाऱ्यांत खरंच कळवळणारे असतात आणि मला डिवचायला विचारणारेही. दोघांना उत्तर एकच देते. खाली आकडे घातलेत ते शिक्षकी सवयीने. पहिलं थोरलं आणि शेवटचं धाकटं असं काही नाही.

१. ती चित्रफीत पुढे पाठवू नये

इस्लामिक स्टेटने २०१४च्या अखेरीपासून इराक आणि सीरियात समलिंगी असल्याचा आरोप ठेवून माणसं मारली. उंच इमारतीवरून लोटायचं, खाली जमाव उभा करायचा. त्याचे फोटो कुणा पत्रकाराने जिवावर उदार होऊन चोरून काढलेले नव्हते. मारणाऱ्यांनीच ते काढले, कोन बघून काढले आणि स्वतः जगभर सोडले. भीती पोचवणं हा त्या कामाचा अर्धा भाग होता. आपण 'बघा, काय राक्षस आहेत' असं लिहून फोटो पुढे पाठवतो तेव्हा तो अर्धा भाग त्यांना फुकटात करून देतो.

टोरांटोचा तो तरुण आधी काही वर्षं इस्तंबूलला शिवणकामाच्या कारखान्यात होता. तिथे असताना युरोपातल्या एका हितचिंतकाने त्याला असली चित्रफीत पाठवली, खाली रडका चेहरा लावून. त्यात ओळखीचं कुणी आहे का हे बघायला त्याने ती पुन्हा पुन्हा पाहिली. पाठवणारा तोवर जेवून झोपला असेल.

२. ढकलला गेलेला कोण होता, ते विचारावं

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर असलाच एक फोटो आला. वर मजकूर होता : 'हा यांचा धर्म'. गटात मुसलमान सहकारी आहेत, ते नेहमीप्रमाणे गप्प. मी लिहिलं, ढकलणारे मुसलमान आहेत हे सगळ्यांना दिसलं, पण ढकलला जातोय तो कोण आहे? इराकमधल्या मोसुलचा माणूस आहे, त्याचंही नाव यूसुफ नाहीतर सलीमच असणार. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग कुणीतरी 'शुभ रात्री'चं फूल टाकलं.

हे मला मोसुलमुळे सुचलं नाही, मराठवाड्यामुळे सुचलं. दर १७ सप्टेंबरला आम्ही झेंडा लावतो, मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. शाळेत ती भाषणं मीच लिहून द्यायचे. लातुरात वकिली करणारा कासीम रझवी, त्याचे रझाकार, त्यांनी जाळलेली गावं, हे माझ्या आईने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं ते भाषणात नसतं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि मेलेले मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सगळ्यांत जास्त होरपळले. तो अहवाल सरकारने पुढे कित्येक दशकं छापला नाही. मेलेले बरेचसे लोक रझाकार नव्हते, रझाकारांच्या धर्माचे होते.

म्हणून लांबच्या अतिरेक्याचा राग काढायला जेव्हा कुणी जवळचा शेजारी निवडतो, तेव्हा मला तो राग ओळखीचा वाटतो. त्याने मोसुलमधल्या कुणाचंही भलं होत नाही. आणि हिंगोलीच्याच एखाद्या मुसलमान घरातला समलिंगी पोरगा तो मजकूर वाचत असेल, तर त्याला एकाच वेळी दोन्हीकडून कळतं की आपल्याला जागा नाही.

टोरांटोत आमच्या ओळखीच्या एका मराठी घरी जेवायला गेलो, तो तरुणही बरोबर होता. यजमान सज्जन, आग्रहाने वाढत होते. वाढता वाढता विचारलं, "एवढं झालं तरी तू अजून नमाज पढतोस?" तो रोजे धरतो, शुक्रवारी जमेल तसा मशिदीत जातो. त्याने हसून विषय बदलला. परतताना गाडीत म्हणाला, जेवण फार छान होतं, पण बदल्यात माझ्या आजोबांच्या धर्माला शिव्या हव्या होत्या, त्या काही माझ्याकडे निघाल्या नाहीत.

३. बातमी तपासून घ्यावी, मग रडावं

जून २०११. दमास्कसमधली अमीना नावाची समलिंगी तरुणी इंटरनेटवर रोजनिशी लिहीत होती. एक दिवस तिला उचलून नेल्याची बातमी आली आणि जगभर तिच्या सुटकेची मोहीम सुरू झाली. काही दिवसांतच कळलं की अमीना नाहीच. एडिंबरोला शिकणारा टॉम मॅकमास्टर नावाचा अमेरिकन पुरुष ते लिहीत होता, आणि फोटो लंडनमध्ये राहणाऱ्या एका भलत्याच बाईचा होता. सीरियातले खरे समलिंगी कार्यकर्ते भयंकर चिडले, कारण तिचा शोध घेताना ते स्वतः उघड्यावर आले होते आणि यापुढे खऱ्या हाकेलाही लोक खोटं म्हणणार होते.

इराणचं प्रकरण याहून अवघड. जुलै २००५ मध्ये मश्हद शहरात महमूद असगरी आणि अयाज मरहोनी या दोन कोवळ्या पोरांना जाहीर फाशी दिली. गळ्यात दोर असलेला त्यांचा फोटो जगभर फिरला, आणि 'प्रेमाची शिक्षा' म्हणून लंडनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत निदर्शनं झाली. इराणी वर्तमानपत्रांत आरोप मात्र तेरा वर्षांच्या मुलावर बलात्काराचा होता. ह्यूमन राइट्स वॉचसारख्या संस्थेतल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं की ते दोघे समलिंगी होते असं ठामपणे म्हणू नका. पोरांना फासावर चढवणं हे तसंही अमानुष आहे, त्याचा निषेध तेवढ्यासाठी करा. त्यांचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही. न्यायालय विश्वासाचं नसलं की खरं कळायला मार्ग नसतो, हे मान्य. पण आपल्याला हवी तशी गोष्ट त्या पोकळीत भरायची, हे मेलेल्या पोरांवरही अन्यायाचं आहे.

४. काय हवं ते त्यांनाच विचारावं

ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन म्हणाले की समलिंगींना छळणाऱ्या देशांची मदत आम्ही कापू. आपल्याला वाटेल, शाब्बास. पण आफ्रिकेतल्या पन्नासाहून जास्त संस्थांनी निवेदन काढून याला विरोध केला. त्यांत समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारेच लोक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. मदत बंद झाली की दवाखान्यातली औषधं सगळ्यांचीच बंद होणार, आणि गाव म्हणणार, या पोरांमुळे बंद झाली. शिवाय 'हे सगळं गोऱ्यांचं खूळ आहे' या आरोपाला आयता पुरावा मिळणार.

या प्रकरणात गोऱ्यांचं काय आहे आणि काय नाही, ते इतिहासाच्या बाईंनी सांगायलाच हवं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६०च्या इंडियन पीनल कोडमधलं, मेकॉलेच्या मसुद्यातून आलेलं. तसलीच कलमं इंग्रजांनी पुढे आपल्या वसाहतींत नेऊन बसवली, युगांडातही. बांगलादेशात ३७७ अजून त्याच आकड्याने उभं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतले काही धर्मप्रचारक युगांडाच्या राजधानीत, कंपालाला जाऊन समलिंगींविरुद्ध व्याख्यानं देऊन आले आणि त्यानंतर काही महिन्यांत तिथल्या संसदेत फाशीचं विधेयक आलं. २०२३ मध्ये युगांडाने कायदा केला, त्यात काही 'गुन्ह्यांना' मृत्युदंड ठेवला, आणि जागतिक बँकेने नवीन कर्ज थांबवलं. म्हणजे कायदा बाहेरचा, चिथावणी बाहेरची, शिक्षाही बाहेरची. मधल्यामध्ये कंपालातल्या माणसाला कुणी काही विचारलं का?

आमच्या त्या तरुणाला टोरांटोत एका सभेत बोलायला बोलावलं होतं. त्याने नकार दिला आणि म्हणाला, त्यापेक्षा दातांच्या डॉक्टरची वेळ मिळवून द्या. इस्तंबूलपासून दाढ दुखत होती.

५. आवाज कधी करावा आणि कधी गप्प बसावं

वरचं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे गप्पच बसा. तसंही नाही. १ एप्रिल २०१७ रोजी मॉस्कोच्या 'नोवाया गझेता'त एलेना मिलाशिना यांची बातमी आली. चेचन्यात शंभराहून जास्त पुरुषांना समलिंगी असल्याच्या संशयावरून डांबलंय, छळ चाललाय, निदान तिघे मेलेत. तिथल्या सत्ताधाऱ्याचा प्रवक्ता म्हणाला, आमच्याकडे असले लोकच नाहीत, असते तर घरच्यांनीच त्यांची व्यवस्था केली असती. बातमी दाबली गेली असती तर ती पोरं त्या तळघरांतच संपली असती. गाजावाजा झाला, दडपण आलं, आणि दरम्यान रशियातल्याच कार्यकर्त्यांनी बरेच जण चेचन्याबाहेर काढून लपवले.

पण पुढचा भाग बघा. त्यांतल्या काही जणांना कॅनडाने उन्हाळ्यात देशात आणलं, 'रेनबो रेलरोड' नावाच्या टोरांटोच्या संस्थेच्या मदतीने, आणि ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. वर्तमानपत्रात आली ती सप्टेंबरमध्ये, माणसं पोचल्यावर. मंत्र्यांनी विमानतळावर हार घालून फोटो काढून घेतले नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या पुढाऱ्याला हे जमलं असतं का, असा विचार मनात येऊन गेला. असो. छळणारं सरकार नाकारत असेल तेव्हा बोंब मारावी, माणूस वाटेत असेल तेव्हा तोंड बंद ठेवावं.

६. पलीकडचा काठ व्हावं

आईचं माहेर पैनगंगेच्या अलीकडे. आता तिथे इसापूर धरणाचं पाणी आहे, पण तेव्हा ती नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. रझाकारांचा जोर वाढला तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं रातोरात नदी उतरून उमरखेडच्या बाजूला गेली. उमरखेडला मुक्तिसंग्रामाचा कॅम्प होता. इतिहासाच्या पुस्तकात कॅम्पमधल्या बंदुकांची आणि धाडसाची वर्णनं येतात. आईला मात्र वेगळं आठवायचं. ज्या घराच्या ओसरीवर त्यांना उतरवलं, त्या बाईने पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. ज्वारीचं पीठ दिलं, चुलीला जागा दाखवली, आणि लहान मामाला गोवर निघाला होता तर वैद्याला बोलावलं. ती बाई निजामाविरुद्ध काही बोलल्याचं आईला आठवत नव्हतं. बोललीही असेल.

टोरांटोच्या पाच जणांचं काम मी पाहिलं तेव्हा मला ती ओसरी समजली. त्यांच्याकडे एक तक्ता होता. कुणाकडे राहण्याची खोली, कुणाकडे बँकेचं खातं आणि आरोग्यकार्ड, कुणाकडे इंग्रजीचा वर्ग, कुणी बर्फात चालायचे बूट घ्यायला न्यायचं. पैसे आधीच जमा करून दाखवावे लागत, त्याशिवाय अर्जच पुढे जात नसे. या सोयीचा पाया १९७०च्या दशकाच्या अखेरीस पडला, व्हिएतनाम आणि आसपासच्या देशांतून लोक होड्यांतून निघाले होते तेव्हा. २०११ पासून तिथल्या सरकारने व्हँकुव्हरच्या 'रेनबो रेफ्युजी' या संस्थेबरोबर समलिंगी आणि पारलिंगी निर्वासितांसाठी वेगळी योजनाही चालवली. कागदपत्रांना मात्र अंत नव्हता. माझा मुलगा सॉफ्टवेअरवाला, त्याचंही डोकं फिरायचं.

पाच जणांचं आपसात भांडणही झालं. तरुणाने सहा महिन्यांत फ्रीजदुरुस्तीचं काम शिकायचं ठरवलं. एकाचं म्हणणं, याने कॉलेज करावं, याच्यात बुद्धी आहे. माझा मुलगा म्हणाला, आपण त्याला आणलंय, दत्तक घेतलेलं नाही. मदत करणाऱ्याला आपण मालक आहोत असं वाटायला फार दिवस लागत नाहीत. त्याने फ्रीजदुरुस्तीच केली. आता त्याची कमाई त्या पाचांतल्या एकापेक्षा जास्त आहे, आणि तो ते बोलून दाखवतो.

७. नाव, गाव, फोटो छापू नये

मी इथे त्या तरुणाचं नाव, सीरियातलं शहर, वय काही लिहिलेलं नाही, ते उगीच नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये युगांडातल्या एका साप्ताहिकाने समलिंगी म्हणून लोकांचे फोटो आणि पत्ते छापले, 'फाशी द्या' अशा मथळ्याखाली. त्यात समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारे डेव्हिड काटो होते. त्यांनी कोर्टात दावा लावला, जिंकले, आणि जानेवारी २०११ मध्ये घरात डोक्यात घाव घालून त्यांचा खून झाला. प्रेमाने लिहिणारेही अनेकदा फोटो छापतात. पळालेला माणूस सुरक्षित असला तरी त्याची बहीण, आई मागेच असते.

आपल्या भागातली पोरंही आखाती देशांत कामाला जातात. तिकडेच जवळ असलेल्या इजिप्तमध्ये पोलिसांनी ओळखी जुळवणाऱ्या ॲपवर खोटी खाती काढून माणसं पकडल्याचं वारंवार उघड झालंय. जाणाऱ्याने फोन साफ करून जावं. हे कुणी मोठ्याने विचारणार नाही म्हणून लिहून ठेवते.

८. त्याच्या आईशी बोलायची तयारी ठेवावी

एका शुक्रवारी त्याने आईला फोन लावला आणि हिंदुस्तानातली आई भेटायला आलीय म्हणून मला समोर बसवलं. तो दुभाष्या. माझ्या डोक्यात उगाच मोठमोठी वाक्यं तयार झाली होती. तिने आधी विचारलं, तिकडे थंडी किती. मग माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं. मग म्हणाली, तुम्ही वडीलधाऱ्या आहात, याला समजावा, वय निघून चाललं, आता एखादी चांगली मुलगी बघून लग्न करू दे. तो भाषांतर करता करता इतका हसला की मला आधी कळलंच नाही काय चाललंय. तिला सगळं ठाऊक आहे, तो कशासाठी पळाला तेही. तरी.

मी तिला म्हणाले, माझाही ऐकत नाही. हे खोटं नव्हतं.

घरच्यांचा यात वाटा किती, ते दुसऱ्या एका हकिगतीत दिसतं. न्यूयॉर्कला २४ ऑगस्ट २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या सदस्यांपुढे पहिल्यांदाच समलिंगींच्या छळावर बैठक झाली. अमेरिका आणि चिली यांनी बोलावलेली, अनौपचारिक आणि बंद दाराआड. तिथे सुभी नहास या सीरियन तरुणाने आपली हकिगत सांगितली. त्यात अतिरेक्यांच्या आधी नाक्यावरचे सरकारी सैनिक येतात आणि मारणारे वडील येतात. अतिरेकी शेवटी येतो. तो येण्याआधी घरात, शाळेत, नाक्यावर बरंच काम झालेलं असतं. चेचन्यातही पकडलेल्यांना घरच्यांच्या स्वाधीन करून 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून सांगितलं जायचं. सगळ्या जगाने त्या आईला दोष द्यावा, असं मी म्हणत नाही. तिने निदान त्याचा पत्ता कुणाला दिला नाही.

९. ढाका मोसुलपेक्षा जवळ आहे

'परदेशात' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येतं. २५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यात कलाबागान भागात कुरिअरवाले असल्याचं सांगून काही जण एका फ्लॅटमध्ये शिरले आणि झुल्हाज मन्नान आणि महबूब रब्बी तनय यांना कोयत्यांनी मारलं. मन्नान 'रूपबान' या बांगलादेशातल्या समलिंगींच्या पहिल्या नियतकालिकाचे संपादक, दिवसा अमेरिकेच्या मदत-विभागात नोकरी. त्यांची म्हातारी आई घरातच होती. खुनाच्या काही दिवस आधी, बंगाली नववर्षाच्या दिवशी त्यांचा इंद्रधनुषी मोर्चा निघायचा होता, धमक्यांमुळे पोलिसांनी तो होऊ दिला नाही. खुनाची जबाबदारी अन्सार-अल-इस्लामने घेतली. गृहमंत्री काय म्हणाले? असल्या गोष्टींच्या प्रचाराला आमच्या समाजात जागा नाही, या अर्थाचं. २०२१ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. त्याने 'रूपबान'चे बाकीचे लोक घरी परतले असं नाही. बरेच जण देश सोडून गेले किंवा गप्प झाले.

त्यांतला कुणी हद्द ओलांडून कोलकात्याला आला तर? भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. म्हणजे त्याला ओसरी मिळेल की तुरुंग, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आणि बाहेरच्या व्यासपीठावर आपण काय केलं तेही ठाऊक असावं. मार्च २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलती काढून घ्याव्यात असा ठराव रशियाने आणला. तो पडला, पण भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. जून २०१६ मध्ये अशा छळावर लक्ष ठेवायला स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठराव मानवाधिकार परिषदेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. तेव्हा ३७७ आपल्याकडे जिवंत होतं, ही सबब समजून घेऊ. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सबब काढून घेतली.

माझ्याकडे खासदार मतं मागायला आले तेव्हा मी त्यांना निर्वासितांच्या कायद्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, ताई, आधी हळदीच्या भावाचं बोलू. हळदीचा भाव खरंच पडला होता, त्यामुळे आम्ही त्यावर बोललो. पण मी पुढच्या वेळीही विचारणार आहे.

१०. हिंगोलीत जे करता येतं ते

लोकांना वाटतं, टोरांटोला मुलगा असला तरच असलं काही करता येतं. पैसे पाठवणं सोडलं तर तसं काही नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक' ट्रस्ट सुरू केला. 'पार्टनर', 'इंद्रधनू' ही त्यांची पुस्तकं साध्या मराठीत आहेत, पालकांना वाचता येतील अशी. माझ्याकडच्या प्रती सतत बाहेरच असतात. कुणाकडे आहेत ते मी सांगत नाही आणि परत मागत नाही.

नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. कीर्तनातून उठवलेल्या माणसाच्या बाजूने देव उभा राहिला म्हणून आम्ही माना डोलावतो. आपल्या घरातून उठवलेल्या पोराच्या वेळी मात्र देवळाने फिरायची वाट बघत बसतो.

मागे सेनगावकडचे एक ओळखीचे गृहस्थ आले. मुलाचं लग्न ठरलेलं, कार्यालय घेतलेलं, पत्रिका छापायला टाकलेल्या, आणि मुलाने रात्री उठवून सगळं सांगितलं. ते मला विचारायला आले होते की लग्न झाल्यावर हे सुटतं का. मी म्हणाले, नाही सुटत, आणि त्या मुलीच्या आयुष्याचा तुम्हाला काय अधिकार? बराच वेळ ते चहा न पिता बसले. मग म्हणाले, मुलीकडच्यांना काय सांगू? मी सांगितलं, दोष आमच्याकडे आहे, एवढंच सांगा, पोराचं नाव त्यात घेऊ नका. त्यांनी तसंच सांगितलं. पाहुण्यांनी चार गोष्टी ऐकवल्या, त्या ऐकून घेतल्या. पोरगा आता संभाजीनगरला नोकरी करतो, सणाला घरी येतो. कार्यालयवाल्याने आगाऊ रक्कम परत दिली नाही. मोंढ्यात भेट झाली की ते मला अजून त्या पैशांचा हिशेब ऐकवतात.